जुन्या ड्रमचं वय भोकं सांगतात

ड्रमसेटमध्ये वादकाच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये स्टँडवर बसवलेला, खालच्या पानाला तारा लावलेला जो उथळ ड्रम असतो, तो स्नेअर ड्रम. लष्करी आणि शाळांच्या बँडमुळे आपल्याकडे त्याच्या भावंडाला 'साइड ड्रम' म्हणून सगळे ओळखतात. हा ड्रम पूर्ण उघडून टेबलावर मांडला, तर सुट्या भागांची संख्या शंभराच्या पुढे जाते. शेलच्या अंगावर बसवलेले धातूचे दहा ठोकळे, म्हणजे लग, ते धरून ठेवणारे स्क्रू, लगच्या आतले नट आणि स्प्रिंगा, पान ताणणारे वीस रॉड आणि त्यांचे वॉशर, वरखाली दोन रिंगा, दोन पानं, तारा, त्या तारा चढवणारा-उतरवणारा स्ट्रेनर, आवाज दाबणारा आतला मफलर आणि नावाचा बिल्ला. यातलं जवळजवळ सगळं एका पेचकसाने आणि एका चावीने निघतं, आणि निघतं ते कधी ना कधी बदललं जातंच. पानं फाटतात, तारा तुटतात, रॉड हरवतात, स्ट्रेनरचा खटका झिजतो. साठ वर्षं वाजवलेल्या ड्रमवरचा प्रत्येक भाग कारखान्यातून आलेलाच असेल, ही अपेक्षाच भाबडी आहे. तरीही असा ड्रम समोर आला की माणसं दोन टोकांपैकी एक गाठतात. कुणी बिल्ल्यावरचा क्रमांक वाचून थेट साल सांगून मोकळं होतं, तर कुणी 'यात काय काय बदललंय कोण जाणे' म्हणत हात टेकतं. दोघंही घाई करतात. बदललेल्या भागांमुळे तारीख पुसली जात नाही. प्रत्येक भागाचा काळ वेगळा ठरवला आणि शेवटचा शब्द शेलला दिला, तर हेच बदल तारखेचे साक्षीदार होतात.

हे तपासून पाहायला शिकागोच्या लुडविग कंपनीचे ड्रम फार सोयीचे आहेत. विल्यम एफ. लुडविग आणि त्याचा भाऊ थिओबाल्ड यांनी १९०९ मध्ये ही कंपनी काढली. थिओबाल्ड १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेला. १९२९ च्या सुमारास कंपनी सी. जी. कॉन या मोठ्या वाद्यनिर्मात्याच्या हाती गेली आणि तिच्याबरोबर लुडविग हे नावही गेलं. विल्यमने १९३७ मध्ये पुन्हा धंदा उभा केला, तेव्हा स्वतःचं आडनाव त्याला लावता येईना, म्हणून त्याने 'डब्ल्यूएफएल' ही आद्याक्षरं लावली. आडनाव परत विकत घेतलं गेलं ते १९५५ मध्ये. हा सगळा इतिहास बिल्ल्यांवर उमटला आहे. आधी डब्ल्यूएफएलचे बिल्ले, मग १९५५ नंतरची काही वर्षं दोन्ही नावं सांगणारा बिल्ला, मग १९६० च्या सुमारास कमानीच्या मधल्या दगडासारखा, वर रुंद आणि खाली निमुळता 'कीस्टोन' बिल्ला. १९६९ च्या सुमारास त्याची जागा निळ्या-ऑलिव्ह रंगाच्या बिल्ल्याने घेतली. पुढे १९८१ मध्ये सेल्मर कंपनीने लुडविग विकत घेतली आणि १९८४ मध्ये कारखाना शिकागोहून नॉर्थ कॅरोलिनातल्या मन्रो इथे हलवला. म्हणजे नुसत्या बिल्ल्याच्या आकारावरून आणि त्यावरच्या गावाच्या नावावरून दहा-पंधरा वर्षांचा टप्पा हाती लागतो. तेवढ्यापुरता बिल्ला उपयोगाचा आहे.

अडचण त्यापुढे येते. १९६३ च्या उत्तरार्धापासून लुडविगने कीस्टोन बिल्ल्यांवर अनुक्रमांक छापायला सुरुवात केली. साहजिकच, क्रमांक लहान तो ड्रम आधीचा आणि मोठा तो नंतरचा, असा हिशेब लोकांनी मांडला. पण ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात वाजवून गेले, तो कार्यक्रम सात कोटींहून जास्त अमेरिकनांनी पाहिला आणि त्यांचा ड्रमवादक रिंगो स्टार याच्या बास ड्रमवरचं लुडविग हे नावही त्यांना दिसलं. त्यानंतर डेमन अव्हेन्यूवरच्या कारखान्याला मागणी पुरवता पुरवता नाकी नऊ आले. क्रमांकांनी काही वर्षांतच सहा आकड्यांत उडी मारली. बिल्ले खोक्यांत भरलेले असत आणि कामगार हाताला येईल तो उचलून बसवत असत, क्रमाने लावण्याचा आग्रह कुणाचाच नव्हता. खोक्याच्या तळाशी राहिलेला बिल्ला महिनोन्महिने तिथेच पडून राहू शकत होता. शिवाय बास ड्रम, टॉम आणि स्नेअर सगळे एकाच मालिकेतले आकडे घेत होते. हे नुसतं ऐकीव नाही. लाकडी शेलच्या आत कधीकधी शाईने तारखेचा शिक्का मारलेला असतो. संग्राहकांनी असे शिक्के आणि बिल्ल्यांचे क्रमांक शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा लहान क्रमांकाचा बिल्ला नंतरच्या शेलवर आणि मोठ्या क्रमांकाचा आधीच्या शेलवर, अशा जोड्या भरपूर निघाल्या. तेव्हा क्रमांकावरून 'साधारण अमुक काळात' एवढंच म्हणता येतं, अमुक महिना म्हणता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, अंदाज तर अंदाज, पण तो कारखान्याच्या छापाचा आहे, बाकीच्या तर्कांपेक्षा बरा. हा युक्तिवाद टिकत नाही, कारण बिल्ला हाही एक सुटा भागच आहे. शेलला हवेसाठी एक भोक ठेवलेलं असतं. त्यातून जाणारी धातूची पोकळ रिव्हेट, म्हणजे ग्रोमेट, बिल्ल्याला जागेवर धरून ठेवते. ती कापून काढली की बिल्ला मोकळा. जुन्या बिल्ल्यांच्या हुबेहूब नकला बाजारात मिळतात आणि नकली नसलेला, पण दुसऱ्याच मोडक्या ड्रमवरून काढलेला बिल्ला तर त्याहून सहज फसवतो. म्हणून बिल्ला वाचण्याआधी तो कसा बसलाय ते पाहावं. ग्रोमेटची आतली दुमडलेली कड जुनाट, सारख्या रंगाची आणि बिल्ल्याइतकीच मळलेली आहे, की तिच्यावर ताज्या ठोक्यांच्या खुणा आहेत? बिल्ल्याच्या कडेबाहेर जुन्या बिल्ल्याची पुसट सावली डोकावतेय का? या दोन प्रश्नांची उत्तरं समाधानकारक मिळेपर्यंत क्रमांकाचा विचारच करू नये, असं माझं मत आहे.

मग विश्वास ठेवायचा कशावर? जुन्या वाड्याचं दार, खिडक्या, कौलं बदलली तरी वय जोत्यावरून कळतं, तसं इथे शेलवरून कळतं. शेल, म्हणजे तबलावाले ज्याला खोड म्हणतात तो भाग, बदलला तर ड्रमच दुसरा झाला. लुडविगचा सर्वांत प्रसिद्ध धातूचा स्नेअर म्हणजे सुप्राफोनिक ४००, चौदा इंच व्यासाचा, पाच इंच खोलीचा, मधोमध एक फुगीर कडं असलेला आणि क्रोमचा मुलामा दिलेला. सुरुवातीचे, म्हणजे पन्नाशीच्या दशकाच्या शेवटापासून साधारण १९६३ पर्यंतचे शेल पितळी होते. त्यानंतर कंपनीने अॅल्युमिनियमचा मिश्रधातू वापरायला घेतला. बाहेरून दोन्ही सारखेच चकाकतात, आणि लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे ती लोकप्रिय चाचणी इथे निरुपयोगी ठरते. पितळ अॅल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक घन, म्हणून उचलल्याबरोबर वजनातला फरक हाताला कळतो. पण खात्री करायची असेल तर एक लग काढावा आणि स्क्रूच्या भोकाची कड टॉर्चच्या उजेडात तिरक्या नजरेने पाहावी. क्रोमच्या पातळ थराखाली केसाएवढी सोनेरी रेघ दिसली तर पितळ, करडी-रुपेरी दिसली तर अॅल्युमिनियम. क्रोम अॅल्युमिनियमला नीट धरत नाही. पन्नास-साठ वर्षांत त्यावर बारीक पुटकुळ्या उठतात, खड्डे पडतात, काही ठिकाणी पापुद्रे सुटतात. संग्राहक या खड्ड्यांवर नाक मुरडतात, पण वयाचा इतका प्रामाणिक दाखला दुसरा नाही. आता दोन साक्षी एकमेकींशी ताडून पाहता येतात. पितळी शेलवर क्रमांक नसलेला कीस्टोन बिल्ला असेल तर सगळं जुळतं, ड्रम १९६० ते ६३ च्या दरम्यानचा. पितळी शेलवर सहा आकडी क्रमांक दिसला तर मात्र थबकावं. असं कारखान्यात घडणं अशक्य नाही, पण बिल्ला नंतर बसवला गेल्याची शक्यता आधी निकालात काढली पाहिजे.

शेलवरचा खरा दस्तऐवज म्हणजे त्याची भोकं. लगची, बिल्ल्याची, मफलरची, स्ट्रेनरची आणि त्याच्या समोरच्या बाजूच्या पट्टीची. भाग बदलता येतो, पण एकदा पाडलेलं भोक मागे घेता येत नाही. फार तर बुजवता येतं, आणि बुजवलेलं भोक आतून बोट फिरवलं की कळतं. स्ट्रेनर हा सर्वांत जास्त बदलला जाणारा भाग, कारण तोच दिवसभर हलतो. लुडविगने साठच्या दशकात पी-८३ हा स्ट्रेनर वापरला आणि दशक संपत आलं तेव्हा त्याऐवजी पी-८५ आणला. समजा समोर अॅल्युमिनियमचा सुप्राफोनिक आहे, बिल्ला क्रमांक असलेला कीस्टोन आहे आणि स्ट्रेनर पी-८५ आहे. या जोडीचे तीन अर्थ निघतात. ड्रम कीस्टोनच्या अखेरच्या काळातला असून सगळं मूळचंच असेल, ड्रम त्याआधीचा असून स्ट्रेनर नंतर बसवला असेल, किंवा बिल्लाच उपरा असेल. निवड कशी करायची? स्ट्रेनर काढून त्याखालची जागा पाहायची. रिकामी, जास्तीची किंवा लांबवलेली भोकं दिसली तर बदल झाला हे नक्की. भोकं नेमकी जुळली तर ती गप्प बसतात, अशा वेळी ठसा बोलतो. अनेक वर्षं एका जागी बसलेला भाग त्याच्याखाली स्वतःच्या पायाची आकृती सोडतो. तिच्या आत क्रोम चकचकीत राहतो आणि बाहेर धूळ, घाम आणि पॉलिशचे ओरखडे साचतात. काही लाकडी ड्रमवर मोत्यासारखं पांढरं प्लास्टिकचं वेष्टन असतं, त्यावर हा प्रकार आणखी ठळक दिसतो. उघडं वेष्टन उन्हाने, सिगारेटच्या धुराने लोण्यासारखं पिवळं पडतं आणि लगखालचा चौकोन मात्र दुकानातून आणल्यासारखा पांढराफेक राहतो. त्या पांढऱ्या आकृतीची कड आताच्या भागाशी जुळत नसेल, तर तो भाग पाहुणा आहे. भोकाच्या कडाही एकमेकींशी ताडून पाहाव्यात. ड्रमवरच्या इतर भोकांच्या कडा एका जातीच्या आणि एकाचीच ओबडधोबड, मुलामा फाटलेली असेल, तर ते भोक कारखान्यातलं नाही.

आता सर्वांत भक्कम आक्षेप. कारखाने काही संग्रहालयासाठी ड्रम बनवत नव्हते. मागचा माल संपवायचा म्हणून जुने लग नव्या शेलवर चढवले जात, नवा स्ट्रेनर आला तरी जुन्याचं खोकं रिकामं होईपर्यंत तोच लागत असे. मग भागांचा काळ जुळत नाही म्हणून तो बदललेलाच, असं कसं म्हणता येईल? आक्षेप खरा आहे, आणि उत्साही संग्राहक त्याकडे काणाडोळा करून निष्कारण चांगल्या ड्रमला बट्टा लावतात. पण या गोंधळाला एक दिशा आहे. जुना भाग नव्या ड्रमवर कारखान्यातूनही येऊ शकतो. नवा भाग जुन्या ड्रमवर कारखान्यातून येऊ शकत नाही, कारण ड्रम बाहेर पडला तेव्हा तो अस्तित्वातच नव्हता. चौफुलीच्या फिलिप्स स्क्रूचं उदाहरण घ्या. तो १९३६ च्या सुमारास बाजारात आला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातल्या, लुडविगच्या नक्षीदार, काळ्या निकेलच्या 'ब्लॅक ब्यूटी' स्नेअरवर तो दिसला, तर वादाला जागाच उरत नाही. शेल काही महिने गोदामात पडून राहू शकतो, त्यामुळे काही महिन्यांच्या तफावतीवरून निकाल देऊ नये. पण तफावत चार-पाच वर्षांची असेल आणि नवा भाग जुन्या शेलवर असेल, तर तो दुरुस्तीतच आला. उलट, जुना भाग नव्या शेलवर असेल तर ठसा आणि भोकं पाहिल्याशिवाय तोंड उघडू नये. तारीख सांगताना होणाऱ्या चुकांतल्या बऱ्याच चुका ही दिशा न पाहिल्यामुळे होतात.

बदललेला भाग नुसता 'मूळचा नाही' म्हणून बाजूला टाकला की त्याच्याकडची माहितीही वाया जाते. रॉजर्स या कंपनीचं उदाहरण बोलकं आहे. ओहायोतल्या कोव्हिंग्टनला बनणाऱ्या तिच्या ड्रमवर साठच्या दशकाच्या सुरुवातीला पातळ पितळी पत्र्याचे लग असत, संग्राहकांच्या बोलीत 'ब्रेड अँड बटर'. दिसायला देखणे, पण ताण सोसताना तडकायचे. १९६४ च्या सुमारास कंपनीने ओतीव धातूचे दणकट 'बीव्हरटेल' लग आणले. एखाद्या रॉजर्सवर सात लग जुने आणि एक नवा दिसला, तर त्या एका लगमुळे ड्रमचं वय कमी होत नाही. ड्रम आधीच्या काळातला आहे आणि त्याचा एक लग नेहमीच्याच दुखण्याने गेला, एवढं तो सांगतो. पानांचं मात्र काहीच धरू नये. रेमो बेलीने १९५७ मध्ये प्लास्टिकच्या पानांची कंपनी काढली आणि वासराच्या कातड्याची सद्दी संपली, पण पानं बदलतच असतात, ड्रमच्या वयाशी त्यांचा संबंध नाही.

भाग कधीकधी काळाबरोबर गावही सांगतो. अमेरिकी ड्रमच्या रॉडचे आटे सहसा '१२-२४' मापाचे, म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटर जाडीच्या रॉडवर इंचाला चोवीस आटे. काही जुने जपानी ड्रम मेट्रिक मापाचे, जुने ब्रिटिश ड्रम आणखी निराळ्या मापाचे. मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गोव्याच्या आणि पारशी वादकांनी परदेशी ड्रम वर्षानुवर्षं वाजवले, कावस लॉर्ड हे त्यातलं मोठं नाव. १९९१ पूर्वीच्या आयात परवान्यांच्या काळात शिकागोचा एक रॉड मागवणं म्हणजे दिव्यच होतं. अशा वातावरणातून आलेल्या लुडविगच्या एखाद्या लगमध्ये सहा मिलिमीटरचा, लेथवर काढलेला रॉड सापडला आणि त्यासाठी आतला नटही मोठा केलेला दिसला, तर ती दुरुस्ती अमेरिकेत झाली नसावी एवढं समजायला हरकत नाही. तिथे मूळ मापाचा रॉड कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होता.

वाजवणारे म्हणतील, या सगळ्या उठाठेवीचा उपयोग काय, ड्रम चांगला वाजतोय ना? वादकाचा हा सवाल रास्त आहे, पण उत्तर त्याच्याच कामाचं आहे. आवाज शेलइतकाच रिंगांवर आणि तारांवरही अवलंबून असतो. पितळी रिंगांच्या जागी पोलादी बसल्या, किंवा वळवलेल्या पत्र्याच्या जागी ओतीव रिंगा आल्या, तर त्याच शेलचा स्वर बदलतो. एकाच सालचे दोन सुप्राफोनिक वेगळे का वाजतात, याचं उत्तर बहुधा अशाच बदलांत सापडतं, 'जुन्या धातूच्या जादू'त नाही. आणि प्रश्न पैशांचाही आहे. सगळे भाग मूळचे असलेल्या ड्रमची आणि दुरुस्त केलेल्या ड्रमची किंमत एक नसते, नसावीही. दुरुस्त ड्रम वाईट नाही, रोज वाजवायला तर तोच बरा. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा दुरुस्ती लपवून मूळ म्हणून किंमत मागितली जाते. या दृष्टीने मला सर्वांत मोठं नुकसान भाग बदलण्यात दिसत नाही, ते ड्रम 'नवा' करण्यात दिसतं. पुन्हा क्रोम चढवला, वेष्टन सोलून नवं लावलं, आतून रंग मारला की ठसे, शिक्के, भोकांच्या कडा सगळं एका दिवसात जातं. तसा ड्रम सुंदर दिसेल, पण त्याच्या वयाबद्दल मग बिल्ला म्हणेल तेच ऐकावं लागेल.

म्हणून तारीख एका आकड्यात सांगूच नये. 'अॅल्युमिनियमचा शेल, १९६३ नंतरचा, कीस्टोन बिल्ला मूळ जागी, म्हणून १९६९-७० च्या आधीचा, स्ट्रेनर त्याहून नंतरचा, खाली जुना ठसा दिसतो, वरची रिंग बदललेली' असं वाक्य लांबलचक वाटलं तरी विकत घेणाऱ्याला ते 'लुडविग, १९६६' यापेक्षा कितीतरी जास्त सांगतं आणि त्यातला प्रत्येक शब्द तपासून पाहता येतो. घरात, शाळेत, चर्चच्या किंवा बँडच्या खोलीत असा ड्रम असेल, तर एवढं करा. भाग खुशाल बदला, पण काढलेला मूळ भाग पिशवीत घालून ड्रमबरोबरच ठेवा, काय कधी बदललं ते चिठ्ठीवर लिहून आत टाका, आणि कितीही सोयीचं वाटलं तरी शेलला नवं भोक पाडू नका.